एसी फक्त दुपारीच कमी का पडतो? गॅस भरण्याआधी तपासायच्या गोष्टी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात तीन मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर पश्चिमेकडची, दहा बाय चौदा फुटांची झोपण्याची खोली आहे. तिथे दीड टनाचा, तीन स्टारचा इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) स्प्लिट एसी पाच वर्षांपूर्वी बसवला असून त्यात आर-32 गॅस आहे. सकाळी अकरापर्यंत आणि रात्री दहानंतर खोली चांगली गार होते; मात्र दुपारी दोन ते सातच्या दरम्यान रिमोटवर 18 लावूनही तापमान 30 च्या खाली येत नाही. गेले दोन उन्हाळे मेकॅनिकने गॅस कमी झाल्याचे सांगून गॅस भरला आणि यंदाही त्याचे तेच म्हणणे आहे. तेव्हा गॅस भरावा की नाही?

माझे मत आधीच सांगतो : इतक्यात भरू नका. आपण सांगितलेल्या लक्षणांत सर्वांत महत्त्वाचे लक्षण घड्याळाचे आहे. मशीनमधला गॅस दुपारी कमी होऊन रात्री परत येत नाही. तो खरोखरच बराच कमी असता तर रात्रीही खोली गार व्हायला तासन्‌तास लागले असते आणि आपण रात्रीचीही तक्रार केली असती. थोडासा कमी असलेला गॅस रात्रीच्या हलक्या भारात लपून राहू शकतो हे खरे. म्हणून गॅसला मी यादीतून काढत नाही, फक्त शेवटी ठेवतो. कारण बाकीच्या बहुतेक गोष्टी फुकटात किंवा अगदी थोड्या खर्चात तपासता येतात, आणि चुकीच्या वेळी भरलेला गॅस मात्र चांगल्या मशीनलाही बिघडवतो.

एसीतला गॅस म्हणजे गाडीतले पेट्रोल नव्हे. तो वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो, आत उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे, आणि गळती न शोधता वरून भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. आपल्याकडे दोनदा गॅस भरला गेला आहे, त्यामुळे दोनच शक्यता उरतात. एक तर गळती आहे आणि ती कोणी दुरुस्त केलेली नाही. नाही तर गॅस मुळात पुरेसा होता आणि आता तो जास्त झाला आहे. दुसरी शक्यता लोक विचारातच घेत नाहीत, पण जास्त गॅसची लक्षणे हुबेहूब आपल्या तक्रारीसारखी असतात : सकाळी आणि रात्री ठीक, दुपारी बाहेरच्या युनिटमधल्या गॅसचा दाब चढला की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि खोली तापत राहते.

आता तपासणीकडे वळू. पहिली पाच मिनिटे रिमोटला द्या. अलीकडच्या इन्व्हर्टर एसींमध्ये क्षमता कमी-जास्त करण्याची सोय असते. कोणी वीज वाचवण्यासाठी 60 किंवा 40 टक्क्यांवर लावून ठेवले असेल तर दीड टनाचे मशीन दुपारी पाऊण टनाच्या आसपासचेच काम करते. काही मॉडेल्समध्ये ही निवड बंद-चालू केल्यावरही कायम राहते. इको, स्लीप आणि ड्राय हे मोडही बघून घ्या. ड्राय मोडमध्ये पंखा मंद चालतो आणि कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, थांबत-थांबत चालतो, त्यामुळे विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचा काहीच उपयोग नाही. मोड कूल, पंखा सर्वाधिक वेगावर आणि क्षमता 100 टक्के असे करूनच पुढची तपासणी करावी.

तापमान 18 वर लावल्याने खोली लवकर गार होते हा समजही येथेच बाजूला ठेवू. खोली 33 अंशांवर असताना आपण 24 लावले काय आणि 18 लावले काय, कॉम्प्रेसर दोन्ही वेळा जवळजवळ पूर्ण वेगानेच धावतो. फरक पडतो तो 24 गाठल्यानंतर. 1 जानेवारी 2020 पासून आपल्याकडच्या स्टार लेबल असलेल्या खोलीच्या एसींना सुरू होताना 24 हेच मूळ तापमान ठेवणे बंधनकारक झाले, त्यामागे विजेचा विचार आहे. दुपारच्या वेळी 24 किंवा 25 गाठता आले तर नागपूरच्या मे महिन्यात तेच पुष्कळ आहे.

त्यानंतर जाळी, म्हणजे फिल्टर. तो धुतलाच असेल. पण फिल्टर स्वच्छ असूनही हवा कमी येणे हा प्रकार मी सतत पाहतो. इनडोअर युनिटच्या हवेच्या तोंडाची पट्टी उघडून आत मोबाइलचा टॉर्च मारा. आत लांब नळकांड्यासारखा ब्लोअर दिसेल. त्याच्या बारीक पात्यांच्या खोबणीत काळी, चिकट घाण भरलेली असेल तर पंखा आवाज पूर्ण करतो आणि हवा अर्धीच फेकतो. या पात्यांचा आकार वळणदार असतो आणि हवा उचलण्याचे काम तो आकारच करतो. खोबण भरली की पाते सपाट झाल्यासारखे होते. घरात रोज फोडणी होत असेल, अगरबत्ती लागत असेल आणि वर्षातून एकदाच वरवरची सर्व्हिस होत असेल तर पाच वर्षांत हे होतेच. वरून फवारा मारून ही घाण निघत नाही. ब्लोअर बाहेर काढून किंवा निदान पिशवी बांधून, योग्य द्रावण लावून आणि ब्रशने घासूनच तो साफ करावा लागतो. सर्व्हिस करणाऱ्याला हे आधी स्पष्ट सांगा, कारण ठरावीक पैशांच्या सर्व्हिसमध्ये तो हे काम धरत नाही.

आता सगळ्या तपासणीचा कणा असलेली मोजणी करू. स्वयंपाकात वापरतात तसला डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. एसी पूर्ण क्षमतेवर, पंखा जोरात आणि दारे-खिडक्या बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटे चालवा. मग इनडोअर युनिटच्या वरच्या बाजूला, जिथून तो खोलीची हवा आत ओढतो, तिथले तापमान घ्या. लगेच खाली, हवा बाहेर पडते तिथले घ्या. काटा किंवा आकडा स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबा. ही मोजणी दुपारी तीन वाजता एकदा आणि रात्री अकरा वाजता एकदा करा आणि चारही आकडे कागदावर लिहा. रात्री खोली गार झाल्यावर इन्व्हर्टर वेग उतरवतो आणि फरक आपोआप कमी दिसतो. म्हणून रात्रीची मोजणी एसी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच घ्यावी.

मुंबई किंवा रत्नागिरीसारख्या दमट ठिकाणी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत आठ ते दहा अंशांचा फरक समाधानकारक मानतात, कारण तिथे मशीनची बरीच शक्ती हवेतली वाफ पाण्यात रूपांतरित करण्यात खर्च होते. नागपुरात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की जवळजवळ सगळी शक्ती तापमान उतरवण्यातच जाते आणि फरक बारा ते पंधरा अंशांपर्यंत दिसायला हवा. म्हणजे आत 30 ची हवा जात असेल तर बाहेर 15 ते 18 ची यायला हवी. याच कारणाने आपल्या भागात मे महिन्यात ड्रेनच्या नळीतून पाणी फारसे पडत नाही. "पाणी पडत नाही, म्हणजे गॅस कमी" हे निदान मुंबईत कदाचित चालून जाईल. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ते निखालस चुकीचे आहे आणि त्यापायी पुष्कळ घरांत विनाकारण गॅस भरला जातो.

आकड्यांचा अर्थ असा लावावा. दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा फरक बारा किंवा अधिक असेल तर मशीन आपले काम करते आहे. खोलीत येणारी उष्णताच त्याच्या ताकदीबाहेरची आहे. रात्री बारा-तेरा आणि दुपारी सहा-सात असेल तर दुपारी मशीनला श्वास घेता येत नाही. म्हणजे दोष बाहेरच्या युनिटच्या हवेत, विजेच्या दाबात किंवा जास्त भरलेल्या गॅसमध्ये शोधावा. दोन्ही वेळा फरक कमी असेल तरच कमी गॅस, कॉम्प्रेसर किंवा सेन्सर यांचा विचार करावा. मात्र हवाच कमी येत असेल तर फरक उलट वाढलेला दिसतो, म्हणून ब्लोअर आधी बघायला सांगितला. आपल्या वर्णनावरून आपण दुसऱ्या प्रकारात किंवा पहिल्या प्रकारात येता असा माझा अंदाज आहे, आणि बहुधा दोन्ही थोडेथोडे.

बाहेरच्या युनिटबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण अशा तक्रारींचे मूळ बहुतांश वेळा तिथेच सापडते. खोलीतली उष्णता शेवटी बाहेरच्या हवेत टाकायची असते. त्यासाठी बाहेरच्या कॉइलमधला, म्हणजे वळणदार नळ्यांच्या जाळ्यातला, गॅस बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असावा लागतो. बाहेर सावलीत 46 असेल तर कॉइल 58 च्या आसपास जाते, आणि आर-32 मध्ये त्या तापमानाला दाब सुमारे 530 पीएसआय (हे दाब मोजण्याचे एकक) असतो. आता युनिटमागची हवाच 52 असेल तर कॉइल 64 पर्यंत जाते आणि दाब 600 च्या वर चढतो. कॉम्प्रेसर जास्त करंट ओढू लागतो, इन्व्हर्टरचा कंट्रोल बोर्ड ते ओळखून वेग उतरवतो आणि आतली हवा कोमट होत जाते. रिमोटवर कसलाही एरर येत नाही, त्यामुळे मालकाला वाटते मशीन नेहमीसारखेच चालले आहे.

युनिटमागची हवा 52 कशी होते? युनिटने फेकलेली गरम हवा फिरून त्याच्याच पाठीमागे आली की होते. अरुंद डक्टमध्ये, तिन्ही बाजूंनी भिंत असलेल्या बाल्कनीत, सुरक्षेसाठी किंवा कबुतरांसाठी बसवलेल्या दाट जाळीआड किंवा सजावटीच्या आडव्या पट्ट्यांमागे युनिट असेल तर हे हमखास घडते. एकावर एक तीन मजल्यांची युनिटे एकाच डक्टमध्ये असतील तर सर्वांत वरच्याला खालच्या दोघांची गरम हवा मिळते, आणि आपण सर्वांत वर आहात. हे ताडून बघायला तोच थर्मामीटर पुरेसा आहे. दुपारी तीन वाजता एसी अर्धा तास चालल्यावर युनिटच्या मागच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे, सुरक्षितपणे हात पोचत असेल तरच तो धरा. मग थोडे दूर, मोकळ्या सावलीत धरा. दोन्हींत एक-दोन अंशांचा फरक चालतो. पाच-सहा अंशांचा फरक आला तर रोग सापडला असे समजा. युनिटच्या मागे निदान अर्धा फूट आणि पुढे निदान दोन-अडीच फूट मोकळी जागा हवी. समोर पट्ट्या असतील तर युनिटच्या पंख्यासमोरच्या तरी काढून टाकाव्यात. मजल्याबाहेर छज्ज्यावर उतरून हे काम स्वतः करू नका.

दुसरा भाग कॉइलच्या स्वच्छतेचा. मार्च-एप्रिलमध्ये सावरीचा कापूस उडतो तो नेमका बाहेरच्या कॉइलच्या पाठीला जाऊन बसतो. त्यावर रस्त्याची धूळ बसली की नमद्यासारखा थर तयार होतो. समोरून पाहिले तर युनिट स्वच्छ दिसते, कारण समोर पंखा असतो आणि घाण मागे असते. पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या आरपार उजेड दिसतो का, ते बघावे. धुताना मेन स्विच बंद करून, वरचे झाकण उघडून, पाणी आतून बाहेर सोडावे, म्हणजे घाण ज्या बाजूने आली त्याच बाजूने निघेल. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने पट्ट्या आडव्या होतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद होतो. इन्व्हर्टर मशीनचा कंट्रोल बोर्ड बाहेरच्या युनिटमध्येच, बहुधा वरच्या भागात असतो. त्यावर पाणी गेले तर सर्व्हिसच्या दोन-चारशे रुपयांऐवजी काही हजारांचा बोर्ड घ्यावा लागतो. बोर्डवर पाल चढून मेल्याने शॉर्ट झालेली मशीन्सही नेहमी येतात, त्यामुळे झाकण उघडले आहे तेव्हा तेवढेही बघून घ्यावे.

उन्हाळ्यात बाहेरच्या युनिटवर ओले गोणपाट टाकणे किंवा पाण्याचा फवारा लावणे हा वऱ्हाडी-नागपुरी उपाय मला ठाऊक आहे आणि त्याने त्या दुपारपुरते कूलिंग वाढते हेही खरे आहे. तरी तो करू नये असे मी सांगतो. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते. ते वाळले की पट्ट्यांवर पांढरा क्षार धरतो आणि एक-दोन उन्हाळ्यांत कॉइल बाद होते. गोणपाट हवा अडवते ते वेगळेच. त्यापेक्षा युनिटच्या वर दीड-दोन फुटांवर हिरवी जाळी किंवा पत्र्याचा तुकडा अशा बेताने बांधा की ऊन अडेल आणि हवा मोकळी राहील. पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या युनिटला याचा थोडाफार फायदा होतो. मात्र गरम हवा फिरून येण्याचा दोष सावलीने जात नाही, हे लक्षात ठेवा.

विजेच्या दाबाबद्दल थोडक्यात. दुपारी दोन ते सहा या वेळेत आसपासच्या सगळ्या घरांतले एसी आणि कूलर एकदम चालू असतात आणि जुन्या वस्त्यांमध्ये व्होल्टेज उतरते. स्टॅबिलायझरशिवाय चालते असे लिहिलेला इन्व्हर्टर एसी कमी व्होल्टेजवर बंद पडत नाही हे खरे, पण तितकीच शक्ती काढायला त्याला करंट जास्त लागतो आणि करंटची मर्यादा आली की तो वेग उतरवतो. इलेक्ट्रिशियनकडून एसी चालू असताना, त्याच पॉइंटवर, दुपारी व्होल्टेज मोजून घ्या. एसी बंद असताना 225 आणि चालू झाल्यावर 195 असा फरक दिसला तर दोष बहुधा आपल्याच घरातला, म्हणजे बारीक वायरचा किंवा सैल जोडाचा आहे. प्लगटॉप काढून बघा. एखादी पिन काळपट झाली असेल किंवा सॉकेट पिवळे पडले असेल तर ते आजच बदलावे, कारण तिथे कूलिंगच्या आधी आगीचा प्रश्न आहे.

आता खोलीच्या भाराकडे येऊ. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॅट. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅटच्या जवळपास. पण हा आकडा बाहेर 35 आणि आत 27 अंश असताना मोजलेला असतो. बाहेर 46 झाले की तेच मशीन साधारण दहा ते पंधरा टक्के कमी काम करते, म्हणजे नवतपात (मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत) आपल्या हातात साडेचार किलोवॅटच्या आसपासच उरतात. आता वरचा स्लॅब घ्या. आपल्या खोलीवर 140 चौरस फूट, म्हणजे 13 चौरस मीटर उघडा काँक्रीटचा स्लॅब आहे. माझ्या ढोबळ हिशोबाने कडक उन्हाच्या दिवशी उतरत्या दुपारी तो एकटा सव्वा ते दीड किलोवॅट उष्णता खोलीत सोडतो. म्हणजे मशीनची जवळजवळ तिसऱ्या हिश्शाची ताकद स्लॅबशी झगडण्यातच जाते. पश्चिमेची भिंत, खिडकीची काच, दोन माणसे आणि टीव्ही यांची भर त्यावर पडते. काँक्रीट सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणून ऊन बारा-एकला सर्वाधिक असले तरी खोलीतला सर्वांत वाईट काळ चार ते सात हा असतो. संध्याकाळी सहाला स्टुलावर चढून छताला आतून हात लावून बघा. हात ठेवताच तापलेपण जाणवेल. त्या तापलेल्या छतामुळे हवा 27 असली तरी अंगाला उकाडाच जाणवतो.

यावरचा उपाय एसीच्या दुकानात मिळत नाही. स्लॅबवर दाट चुना किंवा पांढरा परावर्तक रंग लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे; फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेला चुना त्या उन्हाळ्यापुरता उत्तम काम देतो, पावसात तो धुपतो. पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे बसवले तर खर्च एकदाच होतो. आतून करायचे असेल तर थर्मोकोलसारखा उष्णतारोधक थर घातलेले फॉल्स सीलिंग उपयोगी पडते. नुसते पीओपी सीलिंग त्यामानाने फार कमी. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चिक किंवा वाळ्याचा पडदा सोडणे केव्हाही चांगले, कारण काचेतून आत शिरलेले ऊन पडद्याने परत बाहेर जात नाही. आणि एसी दुपारी दोनला, खोली भट्टी झाल्यावर, सुरू करण्यापेक्षा बाराच्या सुमारास 26 वर सुरू करून ठेवा. इन्व्हर्टर मशीन मंद वेगाने चालत राहील आणि भिंती, गादी, कपाट तापण्याआधीच त्यांना धरून ठेवील.

विदर्भातल्या घरांत एक खास गोष्ट असते ती कूलर. हॉलमध्ये डेझर्ट कूलर आणि बेडरूममध्ये एसी अशी व्यवस्था बहुतेक घरांत दिसते. कूलर हवेत पाणी मिसळूनच गारवा देतो, आणि ती दमट हवा तो घरभर दाबाने ढकलतो. बेडरूमच्या दाराखाली अर्ध्या-पाऊण इंचाची फट असेल तर ती हवा सतत आत येत राहते. हवेतली तासाला एक लिटर वाफ पाणी करून काढायची तर एसीला साधारण 0.7 किलोवॅट ताकद तेवढ्यासाठीच द्यावी लागते. काही जण तर कूलरने खोली आधी "थंड करून" मग एसी लावतात. त्यामुळे गादी आणि पडदे ओलावा धरतात आणि एसीचा पहिला तास ते वाळवण्यात जातो. हे आपल्याकडे घडते का, ते ओळखणे सोपे आहे : मे महिन्याच्या कोरड्या दुपारी ड्रेनच्या नळीतून पाण्याची धार लागली असेल तर ते पाणी बाहेरच्या हवेतले नाही, कूलरचे आहे. दाराखाली रबराची पट्टी बसवा आणि एसी चालू असताना हॉलमधल्या कूलरसमोरची एखादी खिडकी उघडी ठेवा, म्हणजे कूलरची हवा तिथून बाहेर जाईल.

हे सगळे करूनही दोन्ही वेळच्या मोजणीत फरक कमीच आला तर मग गॅसकडे या. आधी नळ्या बघायच्या. स्प्लिट एसीत दाब उतरवण्याचा भाग सहसा बाहेरच्या युनिटमध्ये असतो, म्हणून बाहेरून आत येणारी बारीक नळी आणि आतून परत जाणारी जाड नळी दोन्ही थंड असायला हव्यात. बारीक नळीच्या नटजवळ बर्फ आणि जाड नळी कोमट, हे कमी गॅसचे ठळक लक्षण आहे. जाड नळीवरही कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ आणि आतल्या कॉइलवरही बर्फ असेल तर आधी हवा कमी पडते आहे असे समजून फिल्टर आणि ब्लोअरकडे वळावे. नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटभोवती तेलकट, धूळ धरलेला डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच आहे, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचे थोडे तेलही बाहेर येते. दरवर्षी दाब मोजायचे गेज लावताना सर्व्हिस व्हॉल्व्हची, म्हणजे गॅस भरण्याच्या तोंडाची, पिन ढिली होऊन तिथूनच गळती सुरू होते, असेही घडते. त्या तोंडावरची टोपी घट्ट बसली आहे ना, ते स्वतः बघा. किनारपट्टीवर किंवा खाडी-नाल्यालगत राहणाऱ्यांच्या कॉइल गंजून बारीक छिद्रे पडतात. नागपुरात ते तुलनेने कमी, इथे गळती जोडांवरच जास्त सापडते.

मेकॅनिकने नुसते गेज लावून "प्रेशर कमी आहे" म्हटले तर त्याला विचारा की त्या क्षणी कॉम्प्रेसर किती वेगाने चालला होता. इन्व्हर्टर मशीनमध्ये वेग बदलला की दाब बदलतो; पूर्ण वेगावर आर-32 चा खालच्या बाजूचा दाब साधारण 120 ते 150 पीएसआयच्या दरम्यान असावा, पण मंद वेगावर तो त्याहून वर राहणार आणि वेग बदलत असताना कोणताही आकडा दिसणार. त्यामुळे या मशीनमध्ये दाब पाहून गॅस भरणे मी मान्य करत नाही. योग्य रीत एकच : उरलेला गॅस यंत्राने बाटलीत काढून घ्यायचा आणि वजन करायचे. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर किती ग्रॅम हवा ते छापलेले असते. दीड टनाच्या मशीनमध्ये ते बहुधा सातशे ग्रॅम ते एक किलोच्या दरम्यान असते, आणि नळी जास्त लांब असेल तर मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचे हे पुस्तिकेत दिलेले असते. काढलेल्या गॅसचे वजन पाटीपेक्षा जास्त आले तर दोन वर्षांचे निदान तिथेच चुकीचे ठरले. कमी आले तर नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाच्या फेसाने गळती शोधायची, ती बंद करायची, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा काढायचा आणि मग वजनकाट्यावर पाटीवरचे ग्रॅम मोजून भरायचे. यातली व्हॅक्यूमची पायरी वगळली तर आत राहिलेली हवा बाहेरच्या कॉइलमध्ये साठते, दाब वाढवते आणि दुपारची तीच तक्रार पुन्हा घेऊन येते.

येथे सुरक्षिततेचे दोन शब्द आवश्यक आहेत. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे. नळीत गॅस असताना जोडावर ज्योत लावू देऊ नका, आणि काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा. गळती तपासायला नायट्रोजनच वापरायचा. ऑक्सिजन किंवा टायरच्या पंपाची हवा भरणारा माणूस दारात आला तर त्याला नम्रपणे परत पाठवा. कॉम्प्रेसरमध्ये तेल, हवा आणि दाब एकत्र आले की स्फोट होऊ शकतो, आणि तसे अपघात झालेले आहेत.

बाकीचे दोष लवकर आटोपतो. खोलीच्या तापमानाचा सेन्सर जागेवरून सरकून थंड कॉइलला टेकला तर मशीनला खोली गार झाल्याचा भास होतो आणि ते वेग उतरवते. पण ही तक्रार दिवसभर राहील, फक्त दुपारी नाही. बाहेरचा पंखा गरम झाल्यावर मंदावत असेल तर तो दोष मात्र दुपारीच दिसतो, म्हणून तीन वाजता त्याच्याकडे दोन मिनिटे बघत राहा. ज्यांच्याकडे जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी आहे त्यांनी गॅसच्या आधी कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा विजेचा भाग, मोजून घ्यावा. तो कमजोर झाला की उन्हात कॉम्प्रेसर सुरू होताना अडखळतो, गरम होऊन बंद पडतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा येतो.

आपल्या बाबतीत मी या क्रमाने जाईन : आज रिमोट आणि दाराखालची फट, उद्या दुपारी आणि रात्री तापमानाची मोजणी, या आठवड्यात ब्लोअर आणि बाहेरची कॉइल व्यवस्थित धुणे आणि युनिटसमोरचा अडथळा काढणे, त्यानंतर पुन्हा मोजणी. स्लॅबचा चुना यंदा उशिरा का होईना लावून घ्या. गॅसची वेळ आलीच तर मेकॅनिककडे वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आहे का, ते फोनवरच विचारा, आणि बिलावर "गॅस चार्जिंग" एवढेच न लिहिता किती ग्रॅम काढला, गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम भरला हे लिहून घ्या. कॉम्प्रेसरची वॉरंटी बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची देतात. ती अजून चालू असेल तर बाहेरच्या माणसाने नळी कापण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा.